आफ्रिकेला गेलेले डबे

मैलापूर,
२१ डिसेंबर २०२३

प्राणेशा,

आशीर्वाद पाठवते आहे, घ्यायचे की परत करायचे ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून तर निघूनच गेलास, म्हणून पोस्टाची वाट धरली. पत्ता जननीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस. तुझी बहीण भुकेला कच्ची आहे. समोर अंबट भाजी ठेवली आणि पत्ता सांगेपर्यंत वाढली नाही, मग काय करेल बिचारी!

माझ्याच पुण्यात जाऊन बसलास आणि मलाच बोलवत नाहीस, याला काय म्हणावं? चाळीस वर्षांपूर्वी मी ते गाव सोडून या तंजावरकडच्या मराठी घरात आले, तेव्हा सासूबाईंचं मराठी मला कळत नव्हतं आणि माझं त्यांना खपत नव्हतं. तुला मात्र मी माझंच मराठी शिकवलं, देवनागरीसकट. तुझं वाचन कासवाच्या चालीचं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

इथे मार्गळी महिना चालू आहे. पहाटे देवळातली भजनं, संध्याकाळी प्रत्येक संगीतसभेत गाणं. अप्पा यंदा एकाही सभेला गेले नाहीत, कँटीनच्या कॉफीसाठीसुद्धा नाही. सध्या त्यांना विल्मटशिवाय काही सुचत नाही. तू गेल्यावर ही नवी भानगड सुरू झाली, तुला ठाऊक नसेल. तोंडियारपेटची कारखान्याची जागा ज्यांनी घेतली ते तिथे उंच इमारती बांधताहेत आणि त्यातल्या एका दालनात 'विल्मट कॅरेज अँड ट्राम वर्क्स'चा इतिहास मांडणार आहेत. फोटो, जुनी अवजारं आणि एक पुस्तक. पुस्तक लिहायला माणूस कोण, तर ड्रॉइंग ऑफिसचे जुने प्रमुख कृष्णस्वामी राव, म्हणजे आपले अप्पा. आता विचारायलाच नको. घरात लग्न निघाल्यासारखे वावरतात.

लिहितात इंग्रजीत आणि संध्याकाळी मला समजावतात तंजावरीत. घोडागाड्या बनवणारा विल्मट साहेब, ब्रह्मदेशातून आलेलं सागवान, ते मुरवायला बांधलेला तलाव. मग ट्राम. ट्राम शेवटच्या थांब्यावर वळत नसे म्हणे, बाकाची पाठ तेवढी उलटी करायची, की मागचं ते पुढे. डब्याचं दार नीट बसलं की नाही हे सुतार डोळे मिटून, नुसतं आपटल्याच्या आवाजावर सांगायचे. शहरातल्या ट्राम बंद झाल्यावर काही डबे लोकांनी विकत नेले. त्यातला एक अप्पांना पल्लावरमच्या एका आंबराईत सापडला, आत कोंबड्या. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, "कोंबड्यांना तरी सागवानी घर मिळालं," तर रुसून बसले.

ट्राम गेल्या आणि आगगाडीचे डबे आले, परदेशी ऑर्डरी आल्या, आफ्रिकेला जाणारे डबे आले. तिथपर्यंत इतिहास आला आणि थांबला. का थांबला ते तुला मी सांगायला नको.

श्रीदेवीनं अर्ज केला आहे. शहाजीमामांनी तुला सायकल शिकवली, जन्मभर विल्मटच्या फवारणीच्या शेडमध्ये राबले, आणि ते गेल्यावर कंपनीच्या लोकांनी लिहून दिलं, की हा माणूस बिड्यांनी मेला. त्यांची बायको श्रीदेवी म्हणते, मला बाकी काही नको, बिडी खोडा आणि कारखाना लिहा. जुन्या कामगारांच्या आजारांची चौकशी करायला एक समिती नेमली आहे, तिच्यापुढे मार्चमध्ये सुनावणी आहे. आफ्रिकेच्या डब्यांत पत्र्याच्या आतून काय फवारलं जायचं हे नकाशावर काढणारा आणि जागेवर जाऊन तपासणारा माणूस आता एकच जिवंत आहे. तो माझ्या शेजारी बसून ट्रामच्या घंटांवर लिहितो आहे.

शहाजीमामांना पोचवून आलो त्या दिवशी तू अप्पांना म्हणालास, "हे चारचौघांत तोंडानं बोलाल त्या दिवशी या घराची पायरी चढेन." अप्पा म्हणाले, "त्यांचं अन्न खाल्लंव, प्राणेशा. अस्कं बाहेर सांगायचं नक्को." मधल्यामध्ये मी. तुम्ही दोघं एकाच सुंभाचे, पीळ कुणाचा जास्त ते बघत बसायची मला हौस नाही. मला तू घरी यायला हवा आहेस. त्यासाठी ते बोलायला हवेत. ते माझ्याकडे लागलं. तू फक्त शब्द पाळ.

मला बरं आहे. थोडा खोकला आहे, जिना चढताना दम लागतो. या महिन्यातल्या पुराचा ओलावा अजून भिंतींत आहे, त्यानं असेल.

तुझी,
आई


मैलापूर,
१९ जानेवारी २०२४

प्राणेशा,

उत्तर नाही. पोंगल झाला, दारात ऊस उभा केला, तुझ्या वाट्याचा गूळभात जननीच्या नवऱ्यानं खाल्ला आणि वर आणखी मागितला.

जननी म्हणते, "आई, तू नीट लिही, नाहीतर मी लिहिते." तर लिहिते. खोकला ओलाव्याचा नव्हता. उजव्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, ते काढलं, पुन्हा झालं. मग अड्यारच्या डॉक्टरांनी तपासायला तुकडा काढला. फुप्फुसाच्या वर जे पातळ आवरण असतं त्याचा कॅन्सर आहे. नाव लांबलचक आहे, मी पाठ केलेलं नाही. बरा होत नाही म्हणाल्या. पावसाळा बघेन का, असं मी विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामी, बघू." मामी म्हणून हात धरणारी डॉक्टर खोटं बोलत नाही, एवढं मला कळतं.

त्यांनी विचारलं, "कुठल्या कारखान्यात काम केलंत?" मी म्हटलं, "माझा कारखाना एकच, स्वयंपाकघर." त्यांनी लिहिणं थांबवलं आणि अप्पांकडे वळल्या. "सार, तुम्ही?" अप्पांनी विल्मटचं नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "तुमचे कपडे कोण धुवायचं?"

अप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. उत्तर मी दिलं.

तुला आठवायचं कारण नाही, तू तेव्हा नव्हतास, नाहीतर पाळण्यात होतास. पण आज्जीची मडी तुला ठाऊक आहे. आमच्या पुण्यात त्याला सोवळं म्हणतात, मात्र आमचं सोवळं पूजेपुरतं, यांचं उठल्यापासून निजेपर्यंत. कारखान्यातून आलेला कपडा घरात यायचा नाही. अप्पा मागच्या दारी कपडे उतरवायचे, तिथेच आंघोळ करायची आणि मग आत. तो खाकी शर्ट आणि पँट सकाळी मी धुवायची. तेही माझ्या आंघोळीच्या आधी, कारण नंतर हात लागला तर पुन्हा आंघोळ. भिजवण्यापूर्वी झटकायचे, नाहीतर बादलीत राड व्हायची. झटकले की निळसर पीठ उडायचं. कारखान्यात त्याला पंजु म्हणत, पंजु म्हणजे कापूस. तो निळा कापूस माझ्या केसांत, नाकात, पापण्यांवर. लग्न होऊन आले तेव्हापासून फवारणी बंद होईपर्यंत माझी सकाळ अशी सुरू झाली. मी कुरकुर केली ती थंड पाण्याबद्दल, पिठाबद्दल नाही.

आणखी एक लिहिते. नवा डबा तयार झाला, की तो बाहेर जाण्याआधी त्यात पहिल्यांदा कामगारांच्या घरची माणसं बसायची, ही विल्मटची ट्रामच्या काळापासूनची रीत. लग्नाच्या वर्षी मीही बसले. यार्डाच्या टोकापर्यंत जायचं आणि परत. आम्ही बायका दहीभाताचे डबे घेऊन, मुलं बाकांवर नाचताहेत. शहाजीमामांनी छताची फळी ठोकून दाखवली, "आफ्रिकेच्या उन्हात आत कसं गार राहील बघा, वहिनी." फटीतून थोडं पीठ माझ्या दहीभातावर पडलं. मी ते बोटानं बाजूला काढलं आणि उरलेला भात खाल्ला. किती हसलो होतो आम्ही! आफ्रिकेला जाणाऱ्या गाडीत आपण आधी बसलो, याचा मला केवढा तोरा. पुण्याला आईला मोठं पत्र लिहिलं होतं.

परवा अप्पांनी या पहिल्या फेरीवर लिहिलेलं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलंय, गाणंबिणं सगळं आहे. पीठ नाही.

आजारी आईला बघायला ये, असं मी लिहिणार नाही. तसा आलास तर माझ्या खाटेपाशी बसशील आणि अप्पांकडे पाठ करशील, आणि मी गेल्यावर परत जाशील ते कायमचाच. मला ते नको आहे. मी गेल्यावर तुम्ही दोघं एकमेकांना धरून राहायला हवे आहात. अप्पांना एकट्यानं राहता येत नाही, त्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नाही. म्हणून ते बोलायला हवेत आणि तू मान ठेवून यायला हवास. माझ्या हातात आता एवढंच काम आहे.

आई


मैलापूर,
२५ फेब्रुवारी २०२४

प्राणेशा,

तुझं एका ओळीचं उत्तर आलं. "आई, औषधं घे, अप्पा बोलले की कळव." खडूस आहेस. तरी ती ओळ उशीखाली ठेवली आहे.

अप्पा बोलणार आहेत. कसं वळवलं ते ऐक, कारण फुकट वळले नाहीत. आधी मी त्यांचा इतिहास ऐकणं बंद केलं. ते कागद घेऊन आले, की मी डोळे मिटून घ्यायची. हे त्यांना उपासापेक्षा जड गेलं. एक दिवस म्हणाले, "सरोजा, तू सांगशील ते करतों, हे एक सोडून." मी म्हटलं, "दुसरं काही सांगायला माझ्याकडे दिवस कुठे आहेत?" तेव्हा उठून गॅलरीत गेले आणि खाली रस्त्याकडे बघत उभे राहिले.

मग श्रीदेवी आली. माझ्याहून वयानं मोठी, आमचा तिसरा मजला चढून आली आणि वर येऊन लगेच बोलायला लागली. दम नाही, काही नाही. मला बघून मात्र खाली बसली. ती तंजावरच्या मराठ्यांतली, तिचं बोलणं अप्पांच्या बोलण्याहून ठसठशीत. म्हणाली, "अण्णा, तुमी दोघं एका बाकावर जेवलांत. त्यांस बिडीबाज मणून जाळलों आमी. तुमास एवढं तरी बोलाया पजे." ती गेल्यावर मी म्हटलं, "मी तुमची कोण आणि विल्मट तुमचं कोण, ते आज ठरवून टाका."

मला वाटतं, त्यांना कंपनीचं प्रेम सोडवत नव्हतं. एकविसाव्या वर्षी गेले, म्हातारे होऊन बाहेर आले, तिथल्या भिंतींवर यांनी काढलेले नकाशे लागायचे. माझ्याही लक्षात येतं ते. पण प्रेम प्रेमाच्या जागी.

शेवटी म्हणाले, "बोलतों. पण तू तिथं येऊ नक्को." जिना, ऊन, गर्दी, तुझी तब्येत, असं बरंच म्हणाले. मी कुठली ऐकायला. एवढ्या खटपटीनं लावलेलं लग्न बघायला मीच जायचं नाही की काय? जननी सिरुसेरीहून रजा टाकून गाडी घेऊन येणार आहे. तिनं श्रीदेवीच्या वकिलांशी बोलून माझंही नाव अर्जात घातलं आहे. मला त्या अर्जाशी काही देणंघेणं नाही, पण पोरगी काहीतरी करत असते, करू दे.

सुनावणी चौदा मार्चला आहे. पंधराचं तिकीट बघून ठेव.

आई


मैलापूर,
१८ मार्च २०२४

प्राणेशा,

अप्पा बोलले. तुझी अट पुरी झाली. हे वाक्य आधी लिहून टाकते, कारण पुढचं लिहून झाल्यावर हे लिहावंसं वाटेल की नाही सांगता येत नाही.

इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभे राहिले. आधी इंग्रजी, मग मागे बसलेल्या जुन्या कामगारांना कळावं म्हणून तमिळ. निळा अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणाले. पाण्यात कालवून पंपानं पत्र्याच्या आतल्या अंगाला फवारायचे. वाळल्यावर पातळ कुठे, जाड कुठे, हे मी सुई टोचून बघायचो. शहाजी नळी धरून उभा असायचा, तोंडाला ओला रुमाल, दुसरं काही नाही. डबा बंद असायचा, आतला माणूस दिसायचा नाही एवढी धूळ. "तो बिड्या ओढत होता, खरं आहे. मी ओढत नव्हतो, पण फवारत पण नव्हतो. तो फवारण्यानं मेला." श्रीदेवीनं पदरात तोंड लपवलं. समितीच्या बाईंनी सगळं उतरवून घेतलं. प्राणेशा, मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला त्यांचा! जननीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन लाव त्याला.

तेवढ्यात कंपनीच्या वकिलांनी रामस्वामी नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना पुढे आणलं. ते विल्मटच्या लाँड्रीचे मुख्य होते. लाँड्री? मी हा शब्द विल्मटच्या संदर्भात जन्मात ऐकला नव्हता. ते म्हणाले, चौऱ्याऐंशी साली कारखान्याच्या आवारात लाँड्री सुरू झाली. फवारणीच्या शेडमध्ये ज्याचा पाय पडेल त्यानं कपडे तिथेच टाकून, आंघोळ करून, घरचे कपडे घालून जायचं. धुऊन सकाळी तयार मिळत. सगळे टाकायचे, शहाजीसुद्धा.

वकिलांनी अप्पांना विचारलं, "आणि तुम्ही?"

"नाही."

"का नाही?"

अप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आईची मडी." वकिलांनी खुलासा मागितला. मागावाच लागणार. अप्पांनी सांगितलं, की तिथे सगळ्यांचे कपडे एकाच हौदात धुतात, आणि कोणाकोणाच्या कपड्यांबरोबर धुतलेला कपडा मुलानं अंगावर घातलेला आईला चालत नव्हता.

मागच्या बाकावरून एक म्हातारा कामगार उठला. ओरडला नाही काही. "सार, म्हणजे आमच्या कपड्यांचा विटाळ होता तर तुम्हाला. इतकी वर्षं एकत्र बसलो, कळू दिलं नाहीत," एवढंच म्हणाला आणि बाहेर निघून गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

श्रीदेवीच्या वकिलांनी लगेच पकडलं, की लाँड्री काढली म्हणजे धूळ वाईट आहे हे कंपनीला ठाऊक होतं. शहाजीमामांची बाजू तिथेच भक्कम झाली. आणि कंपनीचे वकील म्हणाले, या दुसऱ्या बाईंना सोय दिली होती, घरच्यांनी घेतली नाही, त्याला कंपनी काय करणार. श्रीदेवी माझा हात धरून बसली होती. तिचा नवरा कपडे लाँड्रीत टाकून घरी जायचा, म्हणून ती आमचे तीन मजले चढते.

घरी आल्यावर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगट्लं असतं, तर तू लाँड्रीत टाका मणून भांडली असतीस."

"भांडले असतेच."

"आई एका बाजूस, तू एका बाजूस. मला घरात शांती पजे होती, सरोजा."

मग मी विचारलं, की हे विष आहे हे तुम्हाला कधी कळलं. मला वाटलं, म्हणतील डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा. ते म्हणाले, परदेशातून एक इंजिनिअर तपासणीला आला होता, तो तोंडावर यंत्रासारखा मोठा मुखवटा चढवून शेडमध्ये शिरला, तेव्हा कळलं. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी आईला विचारून पाहिलं. आई नको म्हणाल्या. "मग मी गेटापाशी कपडे झटकून यायचों," म्हणाले. जसं काही त्यानं हिशेब मिटत होता.

तो इंजिनिअर आला त्या साली तू माझ्या पोटात होतास. त्यानंतरही पुढची दोन-तीन वर्षं मी झटकत होते, तू रांगत मागच्या दारी यायचास. तू उद्याच्या उद्या छातीची तपासणी करून घे. हे विनंती म्हणून लिहीत नाही.

म्हणजे त्यांना कंपनीचं प्रेम अडवत नव्हतं. लाँड्रीचा प्रश्न येणार, आणि तो माझ्यासमोर येणार, हे त्यांना ठाऊक होतं. "तू तिथं येऊ नक्को." मी हट्टानं गेले. मीच त्यांना उभं केलं, तुला घरी आणायला. माझा जीव जाणार हे मला जानेवारीत कळलं होतं, ते मी पचवलं होतं. हे पचत नाही. चाळीस वर्षं ज्याच्या शेजारी निजले, त्यानं मला एक वाक्य सांगितलं नाही, कारण मी भांडेन.

आई


मैलापूर,
१२ एप्रिल २०२४

प्राणेशा,

तू जननीला फोन केलास ते तिनं सांगितलं. "आता तर त्यांचं तोंडही बघणार नाही," असं म्हणालास. तपासणीत तुझी छाती साफ निघाली, हेही सांगितलं. त्या एका बातमीवर मी चार घास जेवले.

तुझ्या अटीत पुढचं काही नव्हतं. बोला, मी येतो, एवढंच होतं. पण मी तुला शब्दाची आठवण करून देणार नाही. कुठल्या तोंडानं देऊ? तू त्यांच्याशी फोनवर बोलत नाहीस आणि मी एका खोलीत राहून बोलत नाही. माणूस तोच.

श्रीदेवीचं काम झालं. बिडी खोडली. ती पेढे घेऊन आली होती, मला बघून पिशवीतच ठेवले. माझा अर्ज नामंजूर झाला, त्याचं मला सुखदुःख नाही. अप्पांनी इतिहासात एक नवं प्रकरण घातलं, फवारणीचं आणि लाँड्रीचं, स्वतःच्या नावासकट. इमारतवाल्यांनी आभार मानले आणि कळवलं, की दालनात फक्त फोटो लावायचं ठरलं आहे, पुस्तक नको. मला वाटलं, मोडून पडतील. त्यांनी ते सगळे कागद बांधले आणि कपाटावर टाकून दिले. विल्मटचं नाव आता घरात निघत नाही. जन्मभराचं वेड होतं त्यांचं, माझ्या डोळ्यांसमोर गेलं, आणि मला काही वाटलं नाही. हे तुला सांगते आहे, कारण मला माझीच भीती वाटते.

आता मी खाली उतरू शकत नाही. रात्रंदिवस उशांना टेकून बसलेली. जननी नर्स ठेवू म्हणते, अप्पा ऐकत नाहीत. केस विंचरतात, अंग पुसतात, कपडे बदलतात. मऊ भात कालवून समोर धरतात. मी तोंड उघडते, खाते, आणि भिंतीकडे बघते. एकदा म्हणाले, "सरोजा, एक शिवी तरी दे." ती पण देता आली नाही. पुण्याची जीभ म्हणून आयुष्यभर सगळ्यांनी नावं ठेवली, ऐन वेळेला तीही उपयोगी पडली नाही.

माफ कर त्यांना, असं मी तुला कशी सांगू? माफ करायला वेळ लागतो. रोज थोडं थोडं, भांडत, टोमणे मारत, मध्येच विसरून एकत्र कॉफी पीत करायचं काम आहे ते. मला दहा वर्षं मिळाली असती तर मी नक्की केलं असतं, मी स्वतःला ओळखते. तेवढी नाहीत. मी त्यांच्यावर रागावलेलीच मरणार आहे, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

या घरात एक रीत आहे, तुझ्या कदाचित लक्षातही आली नसेल. पुरुष माणूस हाक आल्याशिवाय पानावर बसत नाही. आज्जीनं लावलेली सवय, पुढे ती मी चालवली. स्वयंपाक आता अप्पाच करतात, रसम, भात, एखादी भाजी. मला भरवतात, आणि मग बाहेरच्या खोलीत खुर्चीत जाऊन बसतात. हाकेची वाट बघत नसतील, पण उठताही येत नाही त्यांना. चाळीस वर्षं मी हाक मारली. आता तोंड उघडते आणि तसंच मिटते. संध्याकाळपर्यंत भात तसाच झाकलेला असतो. जननी आली की बोलावते, पण ती रोज कुठली येणार. वाळलेत खूप. शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा असा दिसतो अंगावर.

तर तू ये. माझ्यासाठी नको. राग घेऊनच ये, तो तुझा हक्काचा आहे. त्यांच्याशी बोलू नकोस, तोंडाकडे बघू नकोस. फक्त दुपारी बाहेरच्या खोलीच्या दारात उभं राहून एकदा म्हण, "अप्पा, जेवायला या." मी असेन तोवर म्हण आणि नसेन तेव्हाही म्हण. मला ते जमत नाही, आणि दुसरं कुणी नाही.

आई